रंगारी काकांचे दोनच फटके

रंगारी काकांनी माझ्यावर पहिला हल्ला केला तेव्हा माझ्या एका हातात दुधाच्या दोन पिशव्या होत्या आणि दुसऱ्या हातात कोथिंबीर. जिन्याच्या वळणावर मागून काहीतरी मऊ, गुबगुबीत येऊन मानेवर आदळलं. मी किंचाळले. एक पिशवी पडून फुटली. पायरीवरून दूध खाली ओघळायला लागलं आणि त्या दुधात कॅनव्हासचे बूट बुडवून उभा असलेला एक उंच, सडपातळ म्हातारा मनगटावरच्या घड्याळात बघत म्हणाला, "चार सेकंद. चार सेकंद तू नुसती उभी होती, पोरी. मेली असती."

त्यांच्या हातात उशी होती. अभ्र्यावर गुलाबी फुलं होती.

जुनवानीतल्या या बिल्डिंगमध्ये मी आणि आई राहायला येऊन तेव्हा जेमतेम आठ दिवस झाले होते. आईनं दार लावून घेतलं आणि म्हणाली, "घर बदलायचं का गं?" संध्याकाळी तोच म्हातारा दुधाची नवीन पिशवी घेऊन दारात उभा. "सॉरी बरं का ताई. पण सांगून केला असता तर तो हमला नसता झाला, प्रोग्राम झाला असता. उद्या साडेपाचले गच्चीवर या. दोघी बी."

सुखदेव रंगारी त्यांचं नाव. इथल्या स्टील प्लांटच्या फायर ब्रिगेडमधून रिटायर झालेले. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट पँटमध्ये खोचलेला, आणि पायात चोवीस तास ते कॅनव्हासचे बूट. माणूस कधी बसत नाही. फोन आला की बोलत बोलत तिन्ही मजले चढून उतरून येतो. चहाचा पहिला घोट खिडकीपाशी, दुसरा दारापाशी, तिसरा जिन्यात. दाराकडे पाठ करून तर कधीच नाही. एका लग्नाच्या पंगतीत भिंतीकडची सगळी जागा भरलेली होती, म्हणून काका उभ्यानंच जेवले, वाढप्यांच्या रांगेत. दोघाचौघांनी त्यांच्याकडे वरण मागितलं.

"घरात नवरा नाही व, पंखा हाये," कांताकाकू म्हणायच्या. "बटनच नाही त्याले." काकू त्यांच्या अगदी उलट. गोल, शांत, खुर्चीत रेलून बसणाऱ्या. नवरा घरभर फिरत असताना त्या नुसत्या डोळ्यांनी त्याच्या मागे फिरायच्या.

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या लोखंडी पायाला तांदळाचं एक पोतं टांगलेलं होतं. आत काकूंच्या जुन्या साड्या कोंबलेल्या. त्याच्यासमोर आम्ही सहा बायका. सगळ्यात लहान मी, चौतीस वर्षांची, आणि सगळ्यात मोठ्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्या मुळात वाळत घातलेल्या कुरड्या राखायला आल्या होत्या आणि मग थांबल्या.

"फटके दोनच," काकांनी पहिल्या दिवशी सांगितलं. "तिसरा याद नाही येत."

हे वाक्य मी नंतर इतक्या वेळा ऐकलं की वर्गात गणित शिकवतानाही ते तोंडातून निघायला लागलं.

पहिला फटका हाताच्या टाचेचा. पायाला जशी टाच, तशी तळहातालाही मनगटाजवळ असते, ती. बोटं मागे वळवायची आणि टाच समोरच्याच्या हनुवटीखाली, खालून वर, भिंतीतून आरपार जायचं असल्यासारखी. "मूठ नाही मारायची. मुठीत बारीक हड्ड्या रायते, त्याच्या जबड्यावर तुहीच बोटं मोडतीन." दुसरा फटका गुडघ्याचा. कुठे, ते काका बायकांसमोर सांगायला लाजायचे. पोत्याच्या खालच्या भागावर त्यांनी खडूनं एक फुली काढून ठेवली होती आणि तिच्याकडे न बघता म्हणायचे, "तिथं."

"आणि मग?" मी विचारलं.

"मंग पळ."

"तो तिसरा झाला की."

"पळणं फटक्यात नाही येत," काका चिडले. "पळता यावं म्हणूनच तर मारायचं हाये. नाहीतर उगाच काहून मारायचं कोणाले?"

दोनच का, याचं कारण ते फायर ब्रिगेडच्या गोष्टींतून सांगायचे. एक मोठे इंजिनिअर होते म्हणे. आगीच्या वेळी करायच्या सोळा गोष्टी त्यांनीच लिहून भिंतीवर लावलेल्या. एकदा खरंच सायरन वाजला. साहेबांनी डबा उचलला, डबा ठेवला, परत उचलला आणि पोळीभाजीचा डबा छातीशी धरून बंद दारासमोर उभे राहिले. दार ढकलायचं नव्हतं, ओढायचं होतं. काकांनी त्यांना खांद्यावर टाकून बाहेर आणलं, तरी डबा सुटला नव्हता. "सायरन वाजला का माणूस सोताचं नाव भुलते. त्या टायमाले डोक्यात जेवढं उरते, तेवढंच आपलं. सोळातलं दोन उरते. मंग दोनच शिका ना!"

शिकवण्याची पद्धत भयंकर होती. आधी तीन मजले पळत खाली, पळत वर. धाप लागलेली असतानाच पोत्यावर फटके, आणि फटके मारताना मोठ्यानं सतराचा पाढा. चुकलं की मागून उशी. मी गणिताची मास्तरीण. पण श्वास छातीत मावत नसताना आणि म्हातारा कुठल्या बाजूनं येणार ते माहीत नसताना सतरा चोक किती, हे सांगून बघा. "डोक्याले कामाले लाव," काका ओरडायचे, "हात आपलं काम आपण करते!" आजी पाढ्यात कधीच चुकायच्या नाहीत. उशी त्यांना एकदाही बसली नाही.

आणि क्लास गच्चीवरच संपायचा नाही. भाजीच्या गाडीपाशी, लिफ्टच्या दारात, एकदा तर सत्यनारायणाच्या तीर्थाच्या रांगेत उशी आली. बिल्डिंगमधले पुरुष वैतागले. सेक्रेटरींनी नोटीस लावली: जिन्यात उशी आणू नये. काकांनी नोटीस नीट वाचली आणि दुसऱ्या दिवसापासून लोड आणायला लागले.

सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमात सेक्रेटरींनी मुद्दाम एका तरुण कराटे मास्टरला बोलावलं. पांढरा पोशाख, काळा पट्टा, पिळदार पोरगा. त्यानं कोणी मनगट धरलं तर सोडवण्याची बारा पायऱ्यांची युक्ती दाखवली. सुंदर होती. नाचल्यासारखी. टाळ्या पडल्या. मग काका उठले. उठले म्हणजे, उभेच होते, पुढे आले. "मास्टरजी, एक रिक्वेस्ट है. तीन मंजिल दौड़ के आइए, फिर यही दिखाइए."

मास्टर हसला आणि पळाला. तो परत येईपर्यंत काकांनी लाउडस्पीकरवर ढोलताशा लावला होता आणि आम्हा सहाजणींच्या हातात उशा दिल्या होत्या. पुढचं अर्धं मिनिट मला आठवतं तेव्हा मी अजून एकटी हसते. बिचारा चौथ्या पायरीला अडकला. तिथून परत पहिलीवर गेला. आजींनी त्याच्या डोक्यात उशी घातली आणि वर "बेटा, बुरा मत मानना" म्हणाल्या.

सगळे खिदळत होते, एकटे काका सोडून. त्यांनी ढोलताशा बंद केला, पोराला बाजूला नेलं, पाण्याचा ग्लास दिला आणि कितीतरी वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मी जवळ होते म्हणून ऐकू आलं. "तेरी गलती नहीं है बाबू. तेरी बिल्कुल गलती नहीं है. दिमाग ऐसाच होता है." उशीच्या खेळासाठी इतकी समजूत कशाला, असं मला वाटलं होतं.

पावसाळा संपता संपता माझ्यामागे एक मोटरसायकल लागली.

मी नेहरू नगरला कोचिंग क्लासमध्ये शिकवते. पाचला सुटते आणि स्कूटीनं घरी येते. राखाडी गाडी, टोपीसारखं हेल्मेट घातलेला पंचविशीतला माणूस. पहिल्या दिवशी वाटलं, योगायोग. चौथ्या दिवशी मी मुद्दाम दुकानासमोर थांबले, तर तोही थांबला आणि माझ्याकडे बघून हसला. मी कोणाला काही बोलले नाही. आईला सांगितलं असतं तर तिनं नोकरी सोडायला लावली असती. रात्रीची झोप गेली. वर्गात फळ्याकडे तोंड केलं की पाठीला मुंग्या यायच्या. रस्ता बदलला, वेळ बदलली. आरशात राखाडी गाडी होतीच.

एक दिवस जिन्यात काका उशीशिवाय उभे होते.

"तू आठ दिवसांपासून गाडी लावल्यावर बी आरशात पाहून राहिली," ते म्हणाले. "कोण हाये?"

मी सांगितलं. काकांनी शिवी दिली नाही, "चल, दाखव मले" असंही म्हणाले नाहीत. नुसते फिरायला लागले, त्या चार फुटांच्या जागेत, येरझाऱ्या. "उद्या सकाळी पोलिसात जाऊ. तुह्या आईले मी सांगतो, टेंशन नको घेऊ. आणि उद्यापासून मी येतो तुले घ्याले."

"उद्या सकाळपासून टेस्ट आहेत काका. संध्याकाळी जाऊ."

"संध्याकाळी मी क्लासच्या गेटवर रायतो. पाच वाजता. मी आल्याबिगर निघजो नको."

दुसऱ्या दिवशी शेवटची टेस्ट लवकर आटोपली आणि साडेचारलाच सुट्टी झाली. काकांना फोन लावला, तो काकूंनी घेतला. काका फोन घरीच विसरून निघाले होते. मला वाटलं, भर उजेड आहे, हायवेवर गाड्याच गाड्या आहेत, ते रस्त्यातच भेटतील. मी निघाले.

सर्व्हिस रोडवर, एका बंद गोदामाच्या भिंतीपाशी त्यानं गाडी आडवी घातली. उतरला, माझ्या स्कूटीची चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि माझं डावं मनगट धरलं. "अरे, बात तो सुनो मैडम. इतने दिन से पीछे आ रहा हूँ, नाम तो बता दो."

काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते. काहीही नाही. आत सगळं पांढरं झालं. मी त्याच्या शर्टाचं दुसरं बटण बघत होते, ते तुटलेलं होतं. त्यानं मनगट ओढलं, मी स्कूटीवरून अर्धी खाली आले, स्कूटी एका बाजूला कलंडली, आणि माझा उजवा हात वर गेला. मी नेला नाही. तो गेला. टाच त्याच्या हनुवटीखाली बसली आणि दातावर दात आपटल्याचा आवाज आला. त्याच वेळी कोणीतरी भयंकर मोठ्यानं ओरडलं, "सतरा साते एकशे एकोणीस!" ती मीच होते.

मला वाटतं, फटक्याइतकाच तो त्या पाढ्यानंही दचकला. त्याचा हात सैल झाला. गुडघा मारला, तो खडूच्या फुलीवर नाही, मांडीवर बसला, पण माणूस मागच्या मागे आपल्याच गाडीवर कोसळला. मग मी पळाले. चप्पल एक तिथे, एक वाटेत.

पुढे उसाच्या रसाची गाडी होती. गाडीवालीनं मला बघितलं, फडकं टाकलं आणि माझ्या आणि रस्त्याच्या मध्ये येऊन उभी राहिली. "का होगे नोनी?" काय झालं पोरी, असं ती विचारत होती; मी मागे बोट दाखवलं. तिनं गोदामाकडे बघितलं, एक ऊस उचलला आणि अशी हाक मारली की समोरच्या टायरवाल्याची तिन्ही माणसं धावत आली. तोपर्यंत तो गाडी उचलून त्यांच्यासमोरूनच पळाला. टायरवाल्यानं मात्र नंबर टिपून घेतला, आपल्याच हातावर, निळ्या पेनानं.

त्यांनी मला ऑटोत बसवून दिलं. मी घरी गेले नाही. अनवाणी जिना चढून सरळ काकांचं दार वाजवलं. खरं सांगते, त्या क्षणी मला फार अभिमान वाटत होता. काका क्लासच्या गेटवर मी न दिसल्यानं दुसऱ्याच ऑटोनं नुकतेच धडपडत परत आले होते. दार उघडलं तेव्हा शर्ट घामानं भिजला होता.

"काका, लागला!" मी म्हणाले. "पहिला बरोबर लागला. दुसरा थोडा चुकला, पण पडला तो."

मला वाटलं, ते नाचतील. सगळ्या मजल्यांना बोलावून सांगतील. त्यांनी माझं मनगट हातात घेतलं, जिथे त्याची बोटं उमटली होती, आणि त्यांचा चेहरा बघता बघता राखेसारखा झाला.

"तुले लागलं का?"

"नाही काका, मीच त्याला..."

"तुले लागलं का, ते सांग."

त्यांनी मला खुर्चीत बसवलं. फ्रीजमधून मटारची गोठलेली पिशवी काढून रुमालात गुंडाळली, मनगटावर ठेवली. रुमालाची गाठ बांधली, सोडली, परत बांधली. "गाडी?" "सर्व्हिस रोडवर, बंद गोदामापाशी. चावी गाडीलाच." ते तसेच निघाले. आईला निरोप द्यायचाही काकूंनाच सांगून गेले.

काकूंनी मला पाणी दिलं, डाव्या हातानं. मग शेजारी बसल्या.

"शाब्बास नाही म्हणाले ना," त्या म्हणाल्या. "राग नको मानू. त्यायच्यानं नाही होत."

"मला वाटलं, खूश होतील."

"हे पाह्य," काकूंनी उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला, दाराची कडी अडावी तसा. "एवढाच उठते. अठरा वर्सं झाले. मोहन नगरात नात्यातलं लगीन होतं. दिवसाढवळ्या आम्ही दोघं रस्त्यानं चाललो होतो. गाडीवरून दोघं आले, एकानं माह्या गळ्यातली पोत धरली. मी बी अशी येडी, सोडलीच नाही. लोंबकळली. त्यानं मले दहा पावलं फरफटत नेलं."

"आणि काका?"

"हे तवा कराटे शिकत होते. रोज पहाटे. बावीस प्रकार येत होते त्याइले, कागदावर लिहून कपाटाले चिकटवले होते." काकू हसल्या. खरंच हसल्या, मजेची गोष्ट सांगावी तशा. "मी खाली पडल्या पडल्या मांगं पाह्यलं. हे उभे होते. पण काय उभे होते, बाप्पा! पाय बरोबर, मुठी बरोबर, कमरेत वाकून, फोटो काढावा असे. बस, तसेच उभे. बावीसमधला कोणता काढू, कोणता काढू, यातच ते पोट्टे निघून गेले."

बाहेर कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"मी एका शब्दानं नाही बोलली कधी. काहून बोलू? तो उभा होता म्हणजे का माह्यावर माया नव्हती? दवाखान्यात खांदा नीट नाही बसला, त्याले हे काय करतीन? पण त्याइनं तो कागद फाडला. मंग कितीतरी महिने गुपचूप. आणि मंग एक दिवस उशी घेऊन माह्या मांगं लागले," काकू पुन्हा हसल्या. "पहिला क्लास माहाच झाला. स्वयंपाकघरात. फोडणी जळली."

काका तासाभरानं परत आले. स्कूटी खाली लावून, चावी आणि माझ्या दोन्ही चपला घेऊन. चपला त्यांनी पुसून आणल्या होत्या. त्यांनी काकूंकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांना कळलं की मला कळलंय. ते खिडकीपाशी गेले, दारापाशी आले.

"आज तू आराम कर, सकाळी सातले तयार राय," एवढंच म्हणाले. "पोलिसात पहिले आपण जाऊ, गर्दी व्हायच्या आधी."

त्या रात्री आई रडली, चिडली, आणि शेवटी म्हणाली की नोकरी सोडायची नाही. तो माणूस पुढे आठवड्याभरात सापडला, टायरवाल्याच्या हातावरच्या त्या नंबरावरून. मला ओळखायला बोलावलं तेव्हा त्याची मान वर झाली नाही. पण त्या सकाळी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. मी सातला पाच कमी असताना काकांकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आवाज नव्हता, म्हणून मी हळूच ढकललं.

काकू खिडकीसमोर स्टुलावर बसल्या होत्या. ओले, करडे केस पाठभर सोडलेले. काका त्यांच्यामागे उभे होते, दाराकडे पाठ करून, दातांत कंगवा धरून. दारात कोणी आलंय, हे त्यांना कळलंसुद्धा नाही. आगीत दारं फोडणाऱ्या त्या दांडग्या बोटांनी ते केसांतली एक गाठ सोडवत होते, एक एक केस वेगळा करत. मग कंगवा फिरवला, भांग डोळे बारीक करून सरळ पाडला आणि वेणी घालायला घेतली. सराईत. अठरा वर्षांच्या सकाळी त्या हातांत होत्या.

मध्येच ते थांबले. "जास्त ओढलं का?"

काकूंनी डोळे मिटलेले होते. "नाही जी," त्या म्हणाल्या.

मी दार होतं तसं लोटलं आणि खाली जाऊन स्कूटीपाशी थांबले.